डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची तर वकील कसा निवडावा

‘वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस चालवतो’ अशी पाटी आमच्या जिल्ह्यात एकाही वकिलाच्या दारावर नाही. असूही नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे आणि आपण अमुकच प्रकारच्या कामातले तज्ज्ञ आहोत असं पाटीवर लिहायलाही. तरी मोबाईलवर शोधलं की नावं धडाधड येतात, चांदण्यांसकट. अशी यादी चालवणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करा, असं मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बार कौन्सिलला बजावलं होतं. तेव्हा ‘जवळचा उत्तम वकील’ म्हणून जे पहिलं नाव दिसेल त्याला फोन लावू नका. ते नाव वर का आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा ग्राहक मंचातून लिपिक म्हणून निवृत्त झाले. तक्रारी दाखल करून घेणं, त्यातल्या त्रुटी काढणं, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी लावणं, रेकॉर्ड सांभाळणं हे माझं काम. आता त्याला आयोग म्हणतात, माझ्या तोंडात मंचच बसलाय. निकाल देणारे वर बसायचे. पण कोणता वकील फाईल वाचून येतो आणि कोणता जिन्यात चाळतो, हे खालच्या टेबलावरून जास्त स्वच्छ दिसतं. आता गल्लीतले, नात्यातले, ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन घरी येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

वकिलाच्या आधी केस पेपर

लोक उलटं करतात. आधी वकील गाठतात, मग वकील ‘कागद आणा’ म्हणतो, मग हॉस्पिटलच्या चकरा सुरू होतात, तोवर सहा महिने गेलेले असतात. कागद मागायला वकील लागत नाही. रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने साध्या कागदावर अर्ज करायचा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे संपूर्ण इनडोअर केस पेपर मिळावेत.’ दोन प्रती करा. एकीवर हॉस्पिटलचा शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि हे कागद डॉक्टरने किमान तीन वर्षं ठेवायचे असतात. रुग्णाला कागद मिळालेच पाहिजेत असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवलंय. ‘बिल पूर्ण भरा, मग कागद’ हे उत्तर ऐकून गप्प परतू नका.

‘संपूर्ण’ हा शब्द अर्जात घालाच, कारण त्याशिवाय डिस्चार्ज कार्ड हातावर टेकवतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे झाल्या प्रकाराची हॉस्पिटलने लिहिलेली हकीगत. ती शेवटी, निवांत बसून लिहिलेली असते. खरं सापडतं ते सिस्टरच्या नोंदींत, आयसीयूच्या चार्टमध्ये, भूल देणाऱ्याच्या नोंदीत, ऑपरेशन नोट्समध्ये, औषधाच्या चार्टमध्ये आणि संमतिपत्रात. समजा सिस्टरने रात्री दोन वाजता लिहिलंय की बीपी खाली येतंय, डॉक्टरांना फोन केला. आणि डॉक्टरची त्यानंतरची नोंद सकाळी साडेसहाची आहे. मधल्या साडेचार तासांत काय झालं, हीच तुमची केस. डिस्चार्ज कार्डात ते ‘रुग्णाची प्रकृती अचानक खालावली’ एवढ्यात उरकलेलं असतं. हॉस्पिटलच्या मेडिकलमधली बिलंही टाकू नका. कोणतं इंजेक्शन किती वाजता मागवलं ते त्यावरून कळतं. एक्स-रे, सीटी स्कॅन यांची सीडी मागा. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

हे सगळं आलं की दोन पानांचं तारीखवार टिपण करा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, काय बोललं. ‘निर्दयी’, ‘कसाई’, ‘पैशाचे लोभी’ हे शब्द त्यात नकोत. राग खरा असतो, मला कळतं, पण वकिलाला त्यातून काही वेचता येत नाही आणि तेच शब्द तक्रारीत उतरले की समोरचा वकील त्यांचाच फायदा घेतो.

आणि मुदत. ग्राहक कायद्यात दोन वर्षं. सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईल या भरवशावर बसणं म्हणजे पहिली लढाई डॉक्टरशी नाही तर कॅलेंडरशी लढणं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात येणाऱ्या माणसाला चांगला वकील मिळत नाही. चांगल्या वकिलाला वाचायला वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे उरलेला नसतो.

केस आहे का, हे आधी ऐकून घ्या

पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकला, असं कायदा मानत नाही. पुण्याच्या एका सर्जनविरुद्धचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५३ साली एका वीसेक वर्षांच्या मुलाची मांडी मोडली, त्याला पुण्याला नेलं, पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि मुलगा गेला. वडिलांना ३००० रुपये भरपाई मिळाली. रक्कम आज क्षुल्लक वाटते, पण त्या निकालात डॉक्टरची कर्तव्यं सांगितली आहेत ती अजून चालतात: पेशंट घ्यायचा की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी. सर्वांत उत्तम काळजी नव्हे. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती यशस्वी झाली नाही, तर तो निष्काळजीपणा होत नाही.

म्हणून जो वकील फाईल वाचून ‘यात केस दिसत नाही’ म्हणतो, त्याच्यावर चिडू नका. त्याला विचारा, का नाही? कारण नीट सांगितलं तर त्याचा नंबर जपून ठेवा. उद्या दुसरं काम निघालं तर त्याच्याकडेच जा. उलट फाईल न उघडता ‘सोडायचं नाही त्याला, पन्नास लाख वसूल करू’ म्हणणारे माझ्या टेबलासमोरून पुष्कळ गेले. त्यांच्या केसेस दाखल होताना मोठा आवाज व्हायचा. नंतर त्या तहकुबीवर तहकुबी घेत पडून राहायच्या.

माझ्या डोळ्यांसमोरचं एक उदाहरण सांगते. एका कुटुंबाने एकच फाईल दोन वकिलांना दाखवली. पहिल्याने विचारलं, ‘एकूण खर्च किती झाला?’ दुसऱ्याने विचारलं, ‘भूल कुणी दिली, आणि ऑपरेशननंतर रात्री वॉर्डात डॉक्टर कोण होता?’ दुसरा वकील मोठा नव्हता. त्याचं बरंचसं काम जमिनीच्या वादांचं. पण त्याने फाईल आठवडाभर ठेवून घेतली आणि मग त्यांना सांगितलं की ऑपरेशनवर बोट ठेवू नका, ते ठीक झालंय. रात्री लक्ष ठेवलं गेलं नाही, तेवढंच मांडू. कुटुंबाला हे पटेना, त्यांचा सगळा राग सर्जनवर होता. पण तक्रार कशी असावी याचा तो नमुना होता. सगळ्यांवर सगळे आरोप केले की एकही नीट सिद्ध होत नाही.

रात्रपाळीच्या डॉक्टरची पदवी काय, हा प्रश्न वकिलाने स्वतःहून विचारला तर त्याला या कामाची माहिती आहे असं समजा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिल्याच्या मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तेवढ्यावरच निष्काळजीपणा धरला होता. त्यानंतर आपल्या राज्यात नियम बरेच हलले आहेत, म्हणून उत्तर सरळ नसतं. पण प्रश्न पडायला हवा.

कोणत्या दारात जायचं

बहुतेकांसाठी दार एकच: जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. विम्याने बिल भरलं असेल तरी येते. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तिथला फुकटवालाही ग्राहक. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथे मात्र हा कायदा लागत नाही. मग दिवाणी कोर्ट. आणि सरकारी हॉस्पिटल असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. तिच्या घरच्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९९६ मध्ये. भरपाई ३६,००० रुपये. हे घाबरवायला नाही सांगत. दार चुकलं तर काय होतं आणि दार बरोबर असलं तरी किती वेळ जातो, हे दोन्ही वकिलाने तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती नोंदणी निलंबित करू शकते, ताकीद देऊ शकते, पण तुम्हाला एक रुपया देऊ शकत नाही. काहींना पैसे नकोच असतात, त्या माणसाने परत असं करू नये एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी ते दार बरोबर आहे. वकिलाला तुमची इच्छा आधी सांगा.

पोलिसांचं काय? ‘आधी एफआयआर टाकू, डॉक्टर आपोआप तडजोडीला येईल’ असा सल्ला देणारा वकील असेल तर चहा पिऊन उठा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि गुन्हा पुढे न्यायच्या आधी पोलिसांनी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यायचं असतं. आपल्याकडे ते पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातं. मत विरुद्ध आलं की तोच कागद समोरचा वकील ग्राहक आयोगात जोडतो. खरंच ढोबळ प्रकार असेल तर जरूर जा, निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. दबाव आणायला जाऊ नका.

नावं कुठून काढायची

निकालांतून. ग्राहक आयोगांचे निकाल उघड असतात, ऑनलाइन वाचता येतात, आणि निकालाच्या पहिल्या पानावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. आपल्या जिल्ह्यातले आणि शेजारच्या जिल्ह्यातले हॉस्पिटलविरुद्धचे निकाल काढा. तक्रारदार जिंकला की हरला एवढंच बघू नका. हरलेल्या निकालातही ‘तक्रारदाराने तज्ज्ञाचा पुरावा दिला नाही’ असं लिहिलंय का बघा. असं दोन-तीन ठिकाणी एकाच वकिलाच्या बाबतीत दिसलं तर ते नाव यादीतून काढा.

मग एक दिवस आयोगात जाऊन बसा. सुनावणी उघड असते, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सकाळी बोर्ड बघा, कोणाच्या किती केसेस आहेत, कोण स्वतः उभा राहतो आणि कोण ज्युनिअरला ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणायला पाठवतो. पट्टेवाल्याशी नीट बोला. तो नाव सांगणार नाही, पण तुम्ही नाव घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

छोट्या गावाची एक अडचण आहे, तिच्याविषयी कुणी उघड बोलत नाही. डॉक्टर, वकील आणि सोनार एकाच क्लबात जेवतात. वकिलाच्या सुनेचं बाळंतपण त्याच हॉस्पिटलमध्ये झालेलं असतं. चांगले वकील ‘मला जमणार नाही’ म्हणून सरळ सांगतात. काही मात्र केस घेतात आणि ती मऊ करून ठेवतात. म्हणून पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा: या डॉक्टरशी, या हॉस्पिटलशी तुमचा काही संबंध? तुम्ही कधी डॉक्टरांच्या बाजूने, त्यांच्या विमा कंपनीच्या बाजूने उभे राहता का? डॉक्टरांच्या बाजूने काम केलेलं असणं वाईट नाही. त्यांना दोन्हीकडचे डाव माहीत असतात. याच विमा कंपनीच्या पॅनलवर आजही असणं वाईट.

गावात कुणी मिळत नसेल तर शेजारच्या जिल्ह्यातला वकील आणा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार टाकता येते. पुण्याच्या हॉस्पिटलविरुद्ध साताऱ्यात बसून लढता येतं. त्यामुळे पुण्या-मुंबईचा मोठा वकील लागतोच असं नाही. तो दर तारखेला येणार नाही, येईल त्या तारखेचा खर्च तुमच्या डोक्यावर. तारखांना हजर राहणारा, मध्यम वयाचा, फार पसारा नसलेला स्थानिक वकील मला जास्त पसंत. डॉक्टरची पदवी घेऊन मग वकील झालेलेही असतात. त्यांना कागद पटकन कळतात, पण उलटतपासाची प्रश्नावली आणि युक्तिवाद जमतो का ते निकालातूनच बघा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० हा त्यांचा क्रमांक. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं. मिळणारा वकील या कामातला असेलच असं नाही, तेव्हा त्यालाही हेच सगळे प्रश्न विचारा. फुकट आहे म्हणून विचारायचं नाही असं काही नाही. मुंबईत असाल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. नुसतं मार्गदर्शन हवं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पहिली भेट

कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी ठेवा. वकील कितीही सज्जन असो, मूळ कागद आणि मूळ सीडी त्याच्या कपाटात राहू देऊ नका. तारीखवार टिपण वर लावा. घरातलं एकच माणूस बोलेल असं ठरवून जा. पाच जण एकदम बोलले की वकील ऐकणं सोडून देतो.

सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो, बहुतेकांच्या लेटरहेडवरही असतो.

मग हे विचारा. किती मेडिकल केसेस दाखल केल्या असं नको; किती शेवटच्या युक्तिवादापर्यंत नेल्या ते. तक्रारीचा मसुदा कोण लिहिणार, तुम्ही की ज्युनिअर? कोणाकोणाला सामनेवाले करणार, म्हणजे कोणाकोणाविरुद्ध तक्रार टाकणार, आणि का? आमची सर्वांत कमजोर बाजू कोणती? या शेवटच्या प्रश्नाला जो ‘काहीच नाही’ म्हणतो त्याने फाईल वाचलेली नाही.

आणि तज्ज्ञ. यावर जास्त वेळ घालवा. प्रत्येक केसला तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. पोटात कापड राहिलं, डाव्याऐवजी उजव्या पायाचं ऑपरेशन झालं, तर चूक स्वतःच बोलते. पण मेंदूज्वर उशिरा ओळखला, सिझेरियनचा निर्णय उशिरा घेतला, अशा ठिकाणी डॉक्टरच्या लेखी मताशिवाय उभं राहणं अवघड. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, हे गृहीत धरा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले, दुसऱ्या जिल्ह्यातले प्राध्यापक कधीकधी देतात. वकील कोणाला विचारणार, त्याची फी वेगळी किती, आणि मत तक्रार दाखल करण्याआधी घेणार की नंतर, हे स्पष्ट करून घ्या. आधी घेतलेलं बरं. मत विरुद्ध गेलं तर दोन वर्षांची ससेहोलपट वाचते.

फी

‘तुम्ही काही देऊ नका, भरपाई मिळाली की वीस टक्के माझे.’ हे ऐकायला गोड लागतं. अमेरिकेत असं चालतं. तिकडची मुलं फोनवर आईबापांना हेच सुचवतात. आपल्याकडे ते बेकायदा आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा करार अमान्य ठरवलाय. जो वकील सुरुवातच बेकायदा कराराने करतो, त्याच्याकडून पुढे कसली अपेक्षा ठेवणार?

आकडा मी सांगत नाही, तालुक्याला एक आणि मुंबईला एक असा तो बदलतो. टप्प्याटप्प्याने ठरवा: नोटीस, तक्रारीचा मसुदा, पुराव्याचं शपथपत्र, शेवटचा युक्तिवाद. तारखेगणिक पैसे ठरवलेत तर तहकुबी कुणाच्या फायद्याची, ते तुम्हीच ओळखा. कागदावर लिहून घ्या, पावती मागा. तोंड वाकडं झालं तरी मागा.

एक आकडा मात्र पाठ करून जा, तो आयोगाच्या फीचा. ती तुम्ही मागता त्या भरपाईवर नाही, हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवर ठरते. पाच लाखांपर्यंत दिले असतील तर शून्य. पाच ते दहा लाख, २०० रुपये. दहा ते वीस, ४००. वीस ते पन्नास लाख, १००० रुपये. पन्नास लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची तक्रार जिल्ह्यातच चालते. त्यामुळे ‘कोर्ट फीसाठी पंचवीस हजार द्या’ असं कुणी म्हटलं तर ‘कशाची फी, साहेब?’ एवढंच विचारा.

भरपाईचा आकडा किती घालायचा, यावरही वकिलाशी भांडा. कोलकात्यातल्या एका हॉस्पिटलविरुद्ध २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी आणि व्याज दिलं. ती बाई १९९८ मध्ये मुंबईत वारली होती, म्हणजे त्या निकालालाही पंधरा वर्षं लागली. त्या बातमीने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोटी नाचतात. पण आकड्यामागे पगाराच्या पावत्या, वय, अवलंबून असलेली माणसं, पुढच्या उपचारांचा खर्च असा हिशेब लागतो. हिशेबाशिवाय मागितलेला कोटी निकालपत्रात एका वाक्यात उडतो.

वकीलपत्र दिल्यावर

कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर सही नाही. तक्रार आणि शपथपत्र इंग्रजीत असेल तर ओळ न् ओळ मराठीत सांगायला लावा. खाली सही तुमची आहे आणि उलट प्रश्न तुम्हालाच येणार आहेत. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी घ्या. तक्रार क्रमांक घेऊन ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तारीख स्वतः बघत जा. ‘पुढची तारीख कळवतो’ यावर थांबू नका.

समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, वर फार तर १५. ही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलंय. ४५ दिवस उलटूनही तुमचा वकील गप्प असेल तर त्याला विचारा. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलंय. मी नोकरीत असताना मेडिकलची एकही केस तेवढ्यात संपलेली पाहिली नाही, वर्षं लागतात.

मध्येच तडजोडीची गोष्ट निघेल. निघू द्या, आयोगही मध्यस्थीकडे पाठवू शकतो. पण पुरसिसवर, म्हणजे आयोगात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही करण्याआधी रक्कम, ती कधी मिळणार आणि ‘यापुढे कुठेही तक्रार करणार नाही’ या ओळीत मेडिकल कौन्सिलही येतं का, हे वाचा. तुमच्याशिवाय वकिलाने परस्पर ‘हो’ म्हणता कामा नये.

वकील बदलायची वेळ आली तर ना हरकत मागा आणि फाईल परत मागा. फी थकली म्हणून फाईल अडवून धरायचा अधिकार वकिलाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. गैरवर्तणुकीची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते, ग्राहक आयोगात नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. म्हणजे डॉक्टर येतो आणि त्या डॉक्टरला आयोगात खेचणारा वकील येत नाही. यावर आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून हसतात.

निकाल लागला की प्रमाणित प्रत लगेच घ्या. राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि ते वकिलाकडे फाईल पडून असतानाच संपतात. विरुद्ध गेला तर त्याच वकिलाने अपील चालवावं असा हट्ट नको. मुंबईला, किंवा तुमच्याकडच्या खंडपीठासमोर, नेहमी उभा राहणारा दुसरा वकील बघा आणि त्याला पहिल्या वकिलाचं टिपण नव्हे, मूळ केस पेपर वाचायला द्या. तुमच्या बाजूने लागला तर हॉस्पिटल बहुधा अपील करेलच. त्यासाठी त्यांना आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ती भरली का, हे तुमच्या वकिलाला पहिल्याच तारखेला तपासायला सांगा.